शेतातल्या मोटारीचं अ‍ॅप: टचस्क्रीनच्या डिझाईनमध्ये नव्याने पडणाऱ्यांसाठी

मी आधी दोन वर्षं कपडे विकणाऱ्या अ‍ॅपच्या स्क्रीन काढत होते. तिथं चुकीचं बटण दाबलं तर फार तर काय, कार्टमध्ये एक कुर्ता जास्त पडतो. मग एका छोट्या कंपनीत लागले आणि पहिल्याच आठवड्यात काम आलं की विहिरीवरची मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायचं अ‍ॅप आहे, मोटारीच्या पेटीवर एक छोटी टचस्क्रीन पण आहे, दोन्हीची डिझाईन तू कर. मला वाटलं त्यात काय एवढं, दोनच तर बटणं. त्या दोन बटणांनी माझं पुढचं वर्ष खाल्लं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडं शेतीच्या विजेच्या लाईनला (फीडरला) थ्री फेज लाईट, म्हणजे मोटारीला लागणारी तीन तारांची वीज, ठराविक तासच असते, आणि त्याची पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची. जुन्नरकडं माझे मामा आहेत, तिथं आजूबाजूला ऊस, आणि उसात बिबट्या. रात्री एक वाजता लाईट येणार म्हणून बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं म्हणजे घरातल्यांच्या जिवाला घोर. म्हणून लोक स्टार्टरला (मोटार चालू-बंद करणाऱ्या डब्याला) सिमकार्डवाली पेटी बसवतात आणि अंथरुणातून मोटार चालू करतात. तुमचं काम मोटारीचं नसेल, घरातला गिझर असेल, दुकानाचं शटर असेल, पाण्याची टाकी असेल, तरी खालचं बरंचसं तसंच्या तसं लागू पडेल.

आधी हे जमवा

- एक जुना स्वस्तातला अँड्रॉइड फोन, शक्यतो स्क्रीनला तडा गेलेला आणि टेम्पर्ड ग्लास उचललेली. तुमच्या हातातल्या महागड्या फोनवर सगळंच छान चालतं, त्यावर विश्वास ठेवू नका.
- मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी पट्टी.
- पाण्याची बाटली, थोडी माती, एक फडकं.
- कोरे कागद आणि जाड स्केचपेन.
- स्क्रीन काढायला फिग्मा किंवा जे सॉफ्टवेअर वापरता ते. यावर वाद घालत बसू नका.
- एक ईएसपी३२ बोर्ड (वायफायवाला छोटा कॉम्प्युटर), एक रिले (त्याच्या हुकमाने चालणारा स्विच) आणि बल्ब. खऱ्या मोटारीच्या जागी बल्ब. कोड येत नसेल तर ऑफिसातल्या फर्मवेअरवाल्याला (उपकरणातला कोड लिहिणाऱ्याला) चहा पाजा आणि लावून घ्या. हे सगळं काही शे रुपयांत होतं आणि नुसत्या चित्रांच्या प्रोटोटाईपपेक्षा दहापट शिकवतं.
- एक वही. कुठं काय अडलं ते त्याच वेळी लिहायला. नंतर आठवत नाही.

कागदपत्रं म्हणाल तर तीनच मागून घ्या: पेटीच्या वायरिंगची आकृती, पेटी कुठले कुठले मेसेज पाठवते त्याची यादी, आणि आधीच्या ग्राहकांच्या तक्रारींची वही असेल तर ती. तिसरी गोष्ट कुणी सहज देत नाही, मागे लागून घ्या.

१. पहिले दोन दिवस काहीच काढू नका

मी उलटं केलं. आधी झकास काळ्या रंगाची स्क्रीन बनवली, मधे एक चमकणारा गोल, त्यात टॉगल, म्हणजे सरकवायचं चालू-बंदचं बटण. ऑफिसात सगळ्यांना आवडली. ती घेऊन मामांकडं गेले तर दुपारी बारा वाजता विहिरीच्या काठावर त्या काळ्या स्क्रीनमध्ये मला माझाच चेहरा दिसत होता, बाकी काही नाही.

तिथं दोन दिवस नुसती बसले तेव्हा कळलं की फोन मामांच्या खिशात असतो पण अ‍ॅप उघडतात मामी, कारण मामांना चष्मा शोधायला लागतो. फोनचा ब्राईटनेस कायम कमी, बॅटरी टिकावी म्हणून. दारं धरताना, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यात वळवताना, एका हातात खोरं असतं आणि दुसरा हात चिखलाचा, तो पॅन्टला पुसून मग अंगठ्याने बटण दाबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्क्रीनवर काय लिहिलंय याकडं मामा शेवटी बघतात. आधी पाटात पाणी आलं का बघतात, मग मोटारीचा आवाज ऐकतात, मग फोन.

तर तुम्ही पण आधी जाऊन बसा. प्रश्न विचारू नका फार. "तुम्हाला अ‍ॅपमध्ये काय हवंय" असं विचारलं की लोक सभ्यपणे "चांगलंय की" म्हणतात आणि आपण फसतो.

२. "चालू" म्हणजे नक्की काय ते कागदावर लिहा

या सगळ्या लेखातलं एकच वाचायचं असेल तर हे वाचा.

माझ्या पहिल्या अ‍ॅपमध्ये बटण दाबलं की ते लगेच हिरवं व्हायचं आणि खाली "चालू" यायचं. मामींनी दाबलं, हिरवं झालं, फोन उशाशी ठेवून झोपल्या. सकाळी मामांचा फोन, "अगं ते चालू दाखवतंय, पण पाटात पाणी कुठंय?" रात्रभर एक थेंब पडला नव्हता. बटण हिरवं होतं कारण मी ते दाबल्यावर हिरवं करायला सांगितलं होतं. मोटारीचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता!

मग फर्मवेअरवाल्यासोबत बसून कागदावर लिहिलं की बटण दाबल्यापासून पाणी पडेपर्यंत काय काय होतं:

- फोनवरून हुकूम निघाला.
- तो सर्व्हरवर आणि तिथून पेटीला पोचला.
- स्टार्टरने पकडलं, म्हणजे आतला कॉन्टॅक्टर (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) ओढला गेला.
- मोटार करंट घ्यायला लागली.
- पाईपातून पाणी आलं.

या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येक दोन टप्प्यांच्या मधे गाडी अडू शकते. हुकूम निघाला पण रेंज नाही. पोचला पण लाईट नाही. स्टार्टरने पकडलं पण एक फेज गेलाय, अशा वेळी उरलेल्या दोन फेजवर लोड वाढतो, आतल्या तारेचं वाइंडिंग तापतं आणि मोटार भरायला, म्हणजे नवी तार गुंडाळायला, न्यावी लागते. करंट घेतेय पण विहिरीत पाणीच नाही, मोटार कोरडी फिरतेय. पाच एचपीच्या मोटारीला साधारण सात-आठ अँपिअर लागतात, पाणी उचलणं बंद झालं की आकडा खाली येतो, आणि शेतकरी हा आकडा बरोबर ओळखतात. "अँपिअर किती घेतेय" हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे, आणि मी तो आकडा "युजरला टेक्निकल वाटेल" म्हणून तिसऱ्या स्क्रीनवर नेऊन लपवला होता.

आता स्क्रीनवर सगळ्यात मोठं काय आहे तर अँपिअर, आणि त्याच्या वर तीन ठिपके, लाल, पिवळा, निळा. स्टार्टरच्या पॅनलवर तीन फेजचे तीन दिवे असतात ना, तसेच. एक फेज गेला की तो ठिपका रिकामा. हे कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. उलट मी आधी काढलेली विजेची सुंदर निशाणी बघून मामांनी विचारलं होतं की हे गडगडाटाचं चिन्ह आहे का.

करायचं काय: तुमच्या उपकरणासाठी अशी यादी करा, प्रत्येक टप्प्यावर स्क्रीन काय दाखवणार ते लिहा, आणि उपकरणाकडून खरी खबर आल्याशिवाय पुढच्या टप्प्याचं नाव स्क्रीनवर घेऊ नका. पेटीला पाणी मोजता येत नसेल तर "पाणी चालू" असं लिहायचा तुम्हाला अधिकार नाही, "मोटार ७.४ अँपिअर घेतेय" एवढंच लिहा, पाण्याचं मामा बघून घेतील.

३. जुनी बातमी ताजी म्हणून विकू नका

जोडलेल्या उपकरणांमध्ये बहुतेक ठिकाणी एमक्यूटीटी नावाची मेसेज पाठवायची पद्धत असते. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाईपलाईनवर लक्ष ठेवायला बनवलेली, म्हणजे लांबच्या, रेंज नसलेल्या जागांसाठीच. चांगली आहे, पण डिझायनरला तिच्या तीन खोडी माहीत पाहिजेत.

एक, शेवटचा मेसेज जपून ठेवायची सोय असते. अ‍ॅप उघडलं की तो जपलेला मेसेज लगेच मिळतो, स्क्रीन छान भरलेली दिसते, पण तो पाच तासांपूर्वीचा असू शकतो. म्हणून प्रत्येक आकड्याजवळ वेळ हवीच. "२ मिनिटांपूर्वी" ठीक, पण जास्त जुनं असेल तर आकडा करडा करा आणि सरळ लिहा "रात्री ११:४० ची माहिती".

दोन, पेटीची रेंज गेली हे सर्व्हरला लगेच कळत नाही. पेटी ठराविक वेळाने "मी आहे" म्हणत असते, आणि त्या वेळेच्या दीडपट थांबून मग सर्व्हर तिला गेली असं धरतो. मिनिटाला एकदा असेल तर दीड मिनिट. त्या दीड मिनिटात तुमची स्क्रीन "जोडलेलं आहे" म्हणत बसते.

तीन, आणि यात मी चांगलीच पोळले. आमच्याकडं कुणीतरी "मोटार चालू कर" हा हुकूमच जपून ठेवायच्या खूणेसकट पाठवला होता. लाईट गेली, पेटी बंद पडली, रात्री तीनला लाईट आली, पेटी जागी झाली, तिला जपलेला जुना हुकूम मिळाला आणि तिने इमानदारीत मोटार चालू केली. कुणीही बटण दाबलेलं नव्हतं. टोमॅटोच्या वाफ्यात गुडघाभर पाणी. ही चूक कोडची होती, पण स्क्रीनवर "मोटार कुणी चालू केली" हे लिहिलेलं नव्हतं म्हणून शोधायला चार दिवस गेले, ती चूक माझी. डिझायनरने हे विचारायलाच पाहिजे की हुकूम किती वेळ जिवंत राहतो. आम्ही आता ३० सेकंद ठेवलाय, त्यात पोचला नाही तर मेला, आणि स्क्रीन सांगते "पोचलं नाही, परत दाबा".

अजून एक बारीक गोष्ट. "लाईट नाही" आणि "रेंज नाही" हे दोन वेगळे मेसेज ठेवा. लाईट नाही म्हटलं की माणूस झोपतो, रेंज नाही म्हटलं की विहिरीकडं निघतो. पेटीत छोटी बॅटरी असेल तर ती जाता जाता "लाईट गेली" एवढं सांगू शकते. नसेल तर मग "पेटीशी संपर्क नाही" एवढंच लिहा, कारण ठोकून देऊ नका.

४. बोट मोजा

आयफोनवाले सांगतात दाबायची जागा कमीत कमी ४४ बाय ४४ पॉइंट ठेवा, अँड्रॉइडवाले सांगतात ४८ बाय ४८ डीपी. एक डीपी म्हणजे इंचाचा १६० वा भाग, म्हणजे ४८ डीपी साधारण साडेसात मिलिमीटर. (मामांच्या भाषेत डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि मामींच्या भाषेत व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो, त्यामुळं गावात हा शब्द वापरून मीटिंग घेऊ नका.) वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या २०२३ च्या नियमावलीत तर किमान २४ पिक्सेलवर भागवलंय.

हे सगळे आकडे खालची मर्यादा आहेत. ऑफिसात कोरड्या हाताने खुर्चीत बसलेल्या माणसाला साडेसात मिलिमीटर पुरतात, बांधावर उभ्या माणसाला नाही. मी मुख्य बटण ९६ डीपी उंच, म्हणजे १५ मिलिमीटर केलं आणि स्क्रीनच्या पूर्ण रुंदीचं. चालू आणि बंद शेजारी-शेजारी ठेवू नका, मधे बोटभर जागा सोडा. पट्टी घेऊन खऱ्या फोनवर मोजा, कॉम्प्युटरवर दिसणारा आकार खोटा असतो.

बटण खाली ठेवा. मोबाईल डिझाईनचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ साली १,३३३ लोकांना बाहेर फिरताना फोन वापरताना बघितलं, त्यातले जे स्क्रीनला बोट लावत होते त्यांच्यापैकी ४९ टक्के एकाच हाताने वापरत होते. खोरं धरलेल्या माणसाचं तर शंभर टक्के तेच. अंगठा खालच्या अर्ध्या भागात आरामात फिरतो, वरच्या कोपऱ्यात पोचायला फोन हातात सरकवावा लागतो, आणि फोन विहिरीच्या काठावर सरकवणं हे काही चांगलं नाही.

पाणी. फोनची स्क्रीन बोटाने होणारा विजेच्या भाराचा फरक ओळखते, आणि पाण्याचा थेंब पण तसाच फरक पाडतो. म्हणून ओल्या स्क्रीनवर भलतीकडंच दाबलं जातं, आणि कष्टाने घट्टे पडलेल्या कोरड्या बोटाला कधी कधी स्क्रीन दादच देत नाही. बाटलीतलं पाणी शिंपडून बघा, मी बघितलं तेव्हा मोटार आपोआप तीनदा चालू-बंद झाली, नशीब बल्ब होता. पेटीवरच्या स्क्रीनसाठी निवड करायची संधी मिळाली तर दाबावर चालणारी स्क्रीन विचारात घ्या, दिसायला जुनाट वाटते पण ओल्या हाताने आणि हातमोज्यातून पण चालते.

उन्हासाठी पांढऱ्यावर काळं. साध्या अक्षरांना रंगातला फरक किमान ४.५ ला १ असावा असा नियम आहे, मी ७ ला १ च्या खाली जात नाही. करड्यावर फिकट करडं हा प्रकार पुण्यातल्या एसीत बसून सुचतो.

५. उशीर होणारच, तो सांगा

वापरायला सोप्या डिझाईनचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी १९९३ साली तीन आकडे मांडले ते अजून उपयोगी आहेत: ०.१ सेकंदात काही घडलं तर लगेच घडल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत माणसाचा विचार तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. आमच्या पेटीला उत्तर द्यायला चार सेकंद लागतात, कधी वीस.

तर ०.१ सेकंदात काय करायचं? बटण दबलं एवढं दाखवायचं, फोन थोडा थरथरवायचा. पण "चालू" म्हणायचं नाही. मग "पेटीला सांगतोय…", मग "पेटीला कळलं", मग अँपिअर. नुसतं गोल-गोल फिरणारं चक्र लावू नका, ते फिरताना काय चाललंय ते कळत नाही म्हणून माणूस परत दाबतो, परत दाबतो, आणि पाचव्यांदा दाबलेलं बटण "बंद" ठरतं. एकदा हुकूम गेला की उत्तर येईपर्यंत चालूचं बटण झोपवा. बंदचं बटण मात्र कधीही झोपवू नका.

६. चुकून लागलेलं बोट

सगळीकडं "तुम्हाला खात्री आहे का?" लावणं हा आळस आहे. आठवड्याभरात लोकांचा अंगठा न वाचता "हो" दाबायला शिकतो. चालू करायला मी दीड सेकंद दाबून धरायचं ठेवलं, बटण हळूहळू भरत जातं ते दिसतं, खिशात चुकून लागलं किंवा थेंब पडला तरी काही होत नाही. बंद करायला एकच टिचकी, काही विचारायचं नाही. मोटार चुकून बंद झाली तर नुकसान थोडं, चुकून चालू झाली तर कुणाचा तरी हात आत असू शकतो.

हे मी हवेत बोलत नाही. वायरमन पेटी उघडून कॉन्टॅक्टरचे पॉइंट घासत होता आणि मी बांधावर बसून नव्या स्क्रीनचा व्हिडिओ घेत होते, अंगठा बटणावर. मामा एवढ्या जोरात ओरडले की फोन हातातून पडला. मेन स्विच खाली होता म्हणून तसंही काही झालं नसतं, पण मला ते माहीत नव्हतं आणि माझ्या स्क्रीनला पण माहीत नव्हतं.

म्हणून पेटीवर एक खराखुरा फिरवायचा स्विच हवा, "इथून / मोबाईलवरून". तो "इथून" वर असेल तर मोबाईलचं बटण मेलेलं, आणि त्यावर कारण लिहिलेलं: "पेटीजवळ कुणीतरी काम करतंय". हा स्विच सॉफ्टवेअरमध्ये नको, तारेत हवा. मॅनेजर म्हणतील खर्च वाढतो. भांडा.

७. एकाच विहिरीवर तीन मोबाईल

सामाईक विहीर, तीन भाऊ, प्रत्येकाची पाळी ठरलेली. एकाने चालू केली, दुसऱ्याने बंद केली, तिसरा म्हणतो माझी पाळी होती. तुमचं अ‍ॅप या भानगडीत पडणारच, त्यामुळं आधीच ठरवा. प्रत्येक हुकुमापुढं नाव आणि वेळ. "सध्या कुणाच्या पाळीवर" हे स्क्रीनच्या वरच्या ओळीत. दुसऱ्याच्या पाळीत चालू करायचं असेल तर त्याला निरोप जातो, पण बंद करायचा हक्क सगळ्यांना. इतिहास पुसायचं बटण मी मुद्दाम दिलं नाही, एका काकांनी त्यावरून मला बरंच ऐकवलं.

कंट्रोल नक्की कुणाच्या हातात आहे हे स्क्रीनवर न कळणं किती महागात पडतं याचं उदाहरण शेतीच्या बाहेरचं आहे. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ जॉन एस. मॅकेन ही अमेरिकन युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली, १० नौसैनिक गेले. सुकाणू आणि वेग टचस्क्रीनवरून चालत होते, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर कंट्रोल देताना गोंधळ झाला आणि सुकाणूच गेलं असं खलाशांना वाटलं. नंतर २०१९ मध्ये अमेरिकन नौदलाने तशा जहाजांवर वेगासाठी परत हाताने ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं.

८. मराठी नीट बसवा

"चालू" हा शब्द घातकी आहे. बटणावर नुसतं "चालू" लिहिलं तर मोटार चालू आहे की दाबल्यावर चालू होणार? अर्धे लोक असं वाचतात, अर्धे तसं. स्थिती सांगताना पूर्ण वाक्य, "मोटार चालू आहे". बटणावर क्रियापद, "बंद करा". टॉगल वापरूच नका.

इंग्रजीसाठी मापलेल्या बटणात मराठी घातलं की वरचं-खालचं कापलं जातं. आमच्या पेटीच्या स्क्रीनवर "बंद" चा अनुस्वार कापला गेला आणि महिनाभर "बद" दिसत होतं, कुणी तक्रार पण केली नाही, लोकांना वाटलं कंपनीचं काहीतरी नाव असेल. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी धरा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीचे नाही. "दुसऱ्या", "बाऱ्या" असले शब्द टाकून बघा, ऱ्य नीट जुळला नाही तर फॉन्ट बदला. मी "मुक्त" नावाचा फॉन्ट वापरते, नोटो पण चालतो.

आणि भाषांतर करू नका, लोक जे म्हणतात ते लिहा. "विद्युत पुरवठा खंडित" नको, "लाईट गेली". "पंप कोरडा कार्यरत" नको (हे खरंच आलं होतं भाषांतरवाल्याकडून), "मोटार पाणी उचलत नाही". आकडे मात्र मराठी का इंग्रजी हे विचारून घ्या, मीटरवरचे इंग्रजी आकडे बघायची सवय असते, आम्ही शेवटी दोन्हीची सोय ठेवली.

९. पहिली जोडणी

इथं सगळ्यात जास्त माणसं सोडून जातात. सिमवाल्या पेटीत निदान वायफायची कटकट नसते. घरातल्या वायफायवाल्या उपकरणात नेहमीचा सापळा म्हणजे ईएसपी३२ सारख्या चिपला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं, आणि फोन असतो ५ वर. अ‍ॅप नुसतं "जोडता आलं नाही" म्हणतं आणि माणूस पासवर्ड परत परत टाकतो. कारण ओळखून सांगा.

पेटीवर क्यूआर लावणार असाल तर दाराच्या आतल्या बाजूला लावा, बाहेरचा उन्हात उडतो. आणि जोडणी कुणाच्या फोनवर होते बघा, आमच्याकडं बऱ्याच ठिकाणी ती बसवायला आलेल्या पोराच्या फोनवर झाली होती आणि मालक म्हणून त्याचंच नाव. "मालकाचा नंबर टाका" ही पायरी वेगळी आणि मोठ्या अक्षरात हवी.

१०. तपासणी

पाच माणसं पुरतात, पण ऑफिसातली नकोत. फोन हातात द्या, "मोटार चालू करा" एवढंच सांगा आणि तोंड बंद ठेवा. बोट कुठं आधी जातं ते लिहा. मधेच फोन फ्लाईट मोडवर टाका, बल्बची वायर काढा, पाणी शिंपडा, आणि विचारा, "आता मोटार चालू आहे का?" स्क्रीन बघून उत्तर चुकलं तर स्क्रीन चुकली. निदान एकदा तरी रात्री दोन वाजता, झोपेतून उठून, चष्म्याशिवाय स्वतः करून बघा.

सूचनांचं पण तेव्हाच कळतं. आम्ही आधी अकरा प्रकारच्या सूचना पाठवायचो, मामींनी तिसऱ्या दिवशी सगळ्याच बंद केल्या. आता आवाज करणाऱ्या तीनच: फेज गेला, मोटार पाणी उचलत नाही, लाईट आली. बाकी इतिहासात बघा.

शेवटची एक गोष्ट मला कुठल्याच यादीत सापडली नव्हती. पेटी बसवून तीन महिने झाले आणि ती अचानक गप्प. आम्ही सर्व्हर तपासला, अँटेना बदलली, माणूस पाठवला. पेटीतल्या सिमचं रिचार्ज संपलं होतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा बघितलं तर मामींनी पेटीच्या दारावर आतून खडूने रिचार्जची तारीख लिहून ठेवली होती, खाली मागची खोडलेली. तीच तारीख आता अ‍ॅपच्या पहिल्या स्क्रीनवर अँपिअरच्या खाली असते, आणि पाच दिवस राहिले की लाल होते. खडूची तारीख मामी अजून लिहितात.